मृणाल गोरे यांना पाण्याच्या नेत्या म्हणावे की स्त्री-पुरुष समतेच्या?

प्रश्न : धायरीकर

नमस्कार. मी पुण्यात धायरीला राहते. आमच्या परिसरातील महिला मंडळाने पुढच्या महिन्यात ‘राजकारण आणि स्त्री-पुरुष समता’ या विषयावर चर्चा ठेवली आहे आणि प्रास्ताविक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. व्याख्या आणि तत्त्वे सांगत बसण्यापेक्षा एकाच लोकप्रतिनिधीची कारकीर्द नीट मांडावी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागेल, असा विचार करून मी मृणालताई गोरे यांची निवड केली.

जेवढे वाचले त्यावरून जमवलेला आराखडा असा. २४ जून १९२८ रोजी जन्म. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाला आणि दोघांनी गोरेगावात काम सुरू केले. १९५८ मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा त्या तिशीत होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. त्यानंतर १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिका, १९७२ मध्ये विधानसभा, आणीबाणीत आधी भूमिगत काम व मग तुरुंगवास, १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा, १९८५ मध्ये पुन्हा विधानसभा आणि तेथे विरोधी पक्षनेतेपद. १७ जुलै २०१२ रोजी वसई येथे निधन.

अडचण पुढे आहे. मी हा आराखडा मंडळात वाचून दाखवला तेव्हा एका भगिनीने आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, ज्यांना सारा महाराष्ट्र ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखतो, ज्यांची आंदोलने नळ, रॉकेल, धान्य आणि घरे यांसाठी झाली, त्या मोठ्या नागरी नेत्या होत्या यात शंका नाही. परंतु त्यांना स्त्री-पुरुष समतेच्या नेत्या म्हणणे म्हणजे एका बाईने केलेले प्रत्येक काम समतेच्या खात्यात जमा करण्यासारखे आहे. मला त्या वेळी पटेल असे उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यासाठी त्यांनी केलेल्या कामाचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेला दिसतो, त्यामुळे तेवढ्याच आधारावर उभे राहणेही मला कठीण वाटते. त्यांच्या कारकिर्दीत समतेचा धागा नेमका कोठे दिसतो, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

उत्तर : गोरेगावची माहेरवाशीण

धायरीकर ताई, माझे बालपण गोरेगावच्या चाळीत गेले आणि लग्नानंतर गेली चाळीसहून अधिक वर्षे मी कोथरूडला आहे. आपल्या मंडळातील भगिनींचा आक्षेप वाचला आणि मला आमचा नळ आठवला, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते.

चाळीच्या टोकाला एकच नळ होता. पाणी पहाटे साडेतीनच्या सुमारास यायचे आणि करंगळीएवढी धार असायची. आदल्या रात्रीच हंडे, कळशा आणि तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडून ठेवायचे. आमच्या हंड्याला ओळखीसाठी आईने कानाला लाल चिंधी बांधली होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. आई मला उठवायची, कारण ती घरात भरून ठेवायला गेली की रांगेत आमची जागा धरायला कोणीतरी लागायचे. माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, पण त्या वर्षांत त्याला एकदाही उठवले गेले नाही, कारण त्याला शाळा होती. शाळा मलाही होती. दुसऱ्या तासाला माझे डोके बाकावर टेकलेले असायचे आणि बाई माझे नाव घेऊन हाक मारायच्या, हे मला आजही आठवते.

त्या रांगेत पुरुष नसायचे. म्हणून पाण्याचा प्रश्न हा ‘नागरी’ प्रश्न आणि समतेचा प्रश्न वेगळा, अशी विभागणी मला कधी समजली नाही. पाणी नसल्याचा भार ज्यांच्या झोपेवर, शाळेवर आणि कमरेवर पडत होता त्या सगळ्या बायका आणि मुली होत्या. महापालिकेत बसून मृणालताई जेव्हा जलवाहिनीचा व्यास आणि पाण्याची वेळ यांवरून अधिकाऱ्यांना धारेवर धरायच्या, तेव्हा त्या माझ्या दुसऱ्या तासाविषयीच भांडत होत्या, असे मी मानते.

एक गोष्ट आपल्याला धायरीच्या दृष्टीने उपयोगी पडेल. गोरेगाव आधी स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव होते आणि मृणालताईंनी सार्वजनिक कामाची सुरुवात तेथूनच केली. १९५७ मध्ये जोगेश्वरीच्या पुढची दहिसरपर्यंतची गावे बृहन्मुंबईत घेतली गेली. महापालिकेचा कर लगेच आला, पाणी मात्र कित्येक वर्षे आले नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये धायरी, उंड्री, लोहगाव असा भाग पुणे महापालिकेत आला, त्यानंतरचा आपला अनुभव आपण मंडळात सांगितलात तर मृणालताई कोणालाही परक्या वाटणार नाहीत.

आणखी एक. नळाच्या आधीही त्या बायकांमध्येच काम करीत होत्या. पन्नासच्या दशकात गोरेगावात महिला मंडळ आणि कुटुंबनियोजन केंद्र चालवणे हे त्यांचे सुरुवातीचे काम होते. किती मुले व्हावीत याविषयी बाईला बोलता आले पाहिजे, असे त्या काळी उघडपणे म्हणणाऱ्या तरुण कार्यकर्तीकडे लोक कसे पाहत असतील, याची कल्पना आपण करू शकता.

उत्तर : सदाशिव पेठ, निवृत्त डॉक्टर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. ज्या कायद्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, असे प्रश्नकर्त्या म्हणतात, त्याविषयी सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. कारण तो कायदा झाला तेव्हा मी या व्यवसायात होतो आणि आमच्या व्यवसायाने त्या वेळी काय केले तेही मी पाहिले आहे.

गर्भजलपरीक्षा मुळात गर्भातील आनुवंशिक दोष शोधण्यासाठी आली. ती साधारणपणे सोळाव्या आठवड्याच्या सुमारास करतात आणि त्यात गर्भाचे लिंगही कळते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिचा वापर मुलगी असल्यास गर्भपात करण्यासाठी होऊ लागला. आता थोडा खर्च केलात तर पुढे हुंड्याचा मोठा खर्च वाचेल, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत होत्या. त्यांत बेकायदा काही नव्हते, कारण १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला मान्यता होती आणि परीक्षेवर कोणतेही बंधन नव्हते.

मुंबईतील स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर १९८५-८६ पासून याविरुद्ध एकत्र आले. परंतु रस्त्यावरची मागणी विधानभवनाच्या आत नेण्यासाठी कोणीतरी आत असावे लागते. मृणालताई आत होत्या. त्यांनी विधानसभेत या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. विरोधी बाकावरून आलेले असे विधेयक क्वचितच मंजूर होते. त्याचा उपयोग सरकारला भूमिका घेण्यास भाग पाडण्यासाठी होतो. येथे तसेच झाले. सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते.

त्याच्या मर्यादा लवकरच दिसल्या. कायदा एका राज्यापुरता होता, त्यामुळे सीमा ओलांडली की त्याचा धाक संपत असे. पुढे १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला. त्यातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते : गर्भवती स्त्रीने ही तपासणी पतीच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली केली, असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कायदा सांगतो. म्हणजे स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी तिच्यामागे कोण उभे आहे ते पाहा. तरीही अंमलबजावणी जवळजवळ नव्हतीच, म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. तिच्या अर्जदारांमध्ये मुंबईच्या सेहत या संस्थेबरोबर पुणे परिसरात काम करणारी महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ, अर्थात मासूम, ही संस्थाही होती. आपण पुण्यात बोलणार आहात तर याचा उल्लेख अवश्य करावा. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची तंत्रेही त्याच्या कक्षेत आली.

महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. कायदा असतानाही हे घडले. त्यात आमच्या व्यवसायाचा वाटा आहे आणि तो मी नाकारणार नाही. माझ्याच ओळखीच्या एका सोनोग्राफी केंद्रात तपासणीनंतर ‘पेढे’ किंवा ‘बर्फी’ असा शब्द सहज बोलल्यासारखा उच्चारला जात असे आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूचा चेहरा त्यावरून बदलत असे. मी हे एकदा प्रत्यक्ष ऐकले आणि त्या दिवशी तेथे गप्प राहिलो, याची खंत मला आजही आहे.

मृणालताईंचे पाण्याचे काम बाजूला ठेवले तरी या एका विधेयकावर त्यांना समतेच्या नेत्या म्हणता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. जन्माला येण्याचा हक्क मिळाल्याशिवाय बाकीचे हक्क कोणाला द्यायचे?

उत्तर : पर्वती पायथा

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. मी स्वतः तरुणपणी सेवा दलाच्या शिबिरांत वाढलो असल्याने मृणालताईंविषयी माझ्या मनात फार मोठी जागा आहे. परंतु प्रश्नकर्त्यांच्या मंडळातील भगिनींनी घेतलेला आक्षेप इतका सहज बाजूला सारू नये, असे मला वाटते.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता, धान्य, तेल, साखर आणि रॉकेल यांचे भाव चढत होते आणि वस्तू दुकानांतून नाहीशा होत होत्या. त्या वेळी समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी या एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. ज्यांच्या पक्षांतील पुरुष एका व्यासपीठावर बसायला तयार नसत, त्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले, ही गोष्ट असामान्य आहे. लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो स्त्रिया मुंबईच्या रस्त्यांवर आल्या. पण त्या मोर्चांनी स्वस्त तेल मागितले. त्या तेलात पोळी-भाजी कोणी करायची, हा प्रश्न विचारला नाही. लाटणे हे चिन्ह बायकांच्या हातात शोभते, हे गृहीतच धरले गेले. १९७५ नंतर उभ्या राहिलेल्या तरुण स्त्री संघटनांनी घरातल्या हिंसेचे, बलात्काराच्या कायद्याचे, श्रमविभागणीचे जे प्रश्न उभे केले, ते त्या मोर्चांच्या मागण्यांत नव्हते.

दुसरा मुद्दा सत्तेचा आहे. १९७७ मध्ये ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ (दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी) ही घोषणा घरोघरी पोहोचली, मृणालताई लोकसभेत गेल्या आणि मोरारजी देसाई यांनी त्यांना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. त्यांनी ते नाकारले. आम्ही त्या नकाराचे नेहमी कौतुक केले, त्याग म्हणून. आता मला वाटते की, कुटुंबनियोजन केंद्र चालवलेल्या, वैद्यकीय शिक्षणाची पार्श्वभूमी असलेल्या स्त्रीने देशाचे आरोग्य खाते हाती घेतले असते तर त्याच सत्तरच्या दशकात गर्भजलपरीक्षेच्या गैरवापराकडे दिल्लीचे लक्ष लवकर गेले असते. स्त्रियांनी सत्ता नाकारली की त्यांची पूजा करायची आणि स्वीकारली की त्यांच्याकडे संशयाने पाहायचे, ही आपल्याकडची सवय समतेला पोषक नाही. हा मृणालताईंवर आरोप नाही. आम्हा कार्यकर्त्यांनी त्यांच्या निर्णयाचा जो अर्थ लावला, त्याविषयी मी लिहीत आहे.

तथापि, एका बाबतीत मी त्या भगिनींशी असहमत आहे. १९८३ मध्ये मृणालताईंनी गोरेगावात स्वाधार हे केंद्र सुरू केले. छळाला कंटाळून घराबाहेर पडलेल्या स्त्रीला सल्ला आणि आधार देण्यासाठी ते होते. म्हणजे १९७२ मध्ये जे प्रश्न मोर्चात नव्हते ते दहा-अकरा वर्षांनी त्यांच्या दारात आले आणि त्यांनी दार उघडले. पुढे नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून दिंडोशी परिसरात सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, त्याचेही महत्त्व संसार मोडलेल्या बाईला विचारावे. माझ्या मते त्यांची कारकीर्द मांडताना त्या पहिल्यापासून सर्व काही जाणत होत्या, असे म्हणू नये. पन्नाशी ओलांडल्यानंतरही त्या नव्या प्रश्नांकडे वळल्या, असे सांगावे. ते अधिक खरे आहे.

प्रतिसाद : धायरीकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. पर्वती पायथा यांनी लिहिलेला लाटण्याचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरत आहे. आमच्या सोसायटीत आठवड्यातून चार दिवस टँकर येतो. टँकरवाल्याला फोन कोण करते, तो आल्यावर टाकीपाशी कोण उभे राहते, पाइप ओढून कोण घेते, याचा मी मनाशी हिशेब केला. सोसायटीच्या कार्यकारिणीत सात पुरुष आणि दोन स्त्रिया आहेत. टँकरची बिले मंजूर करणारे सात पुरुष आहेत आणि टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या आम्ही दोघी आहोत. मी नोकरी करते. टँकर उशिरा आला तर माझीच रजा जाते, माझ्या यजमानांची नाही. मंडळात आक्षेप घेणाऱ्या भगिनी त्या दोघींतल्या दुसऱ्या आहेत. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

एक उपप्रश्न विचारते. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. मृणालताई १९६१ मध्ये अशा कोणत्याही आरक्षणाशिवाय महापालिकेत निवडून आल्या. आरक्षण असूनही फलकावर नगरसेविकेच्या छायाचित्राशेजारी तिच्या पतीचे छायाचित्र तेवढेच मोठे असते आणि तक्रार घेऊन गेले की ‘साहेबांना भेटा’ असे सांगितले जाते, हा अनुभव मला स्वतःला आला आहे. मग आरक्षणाने काय साधले, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे?

उत्तर : पर्वती पायथा

मृणालताईंसारखी एखादी आरक्षणाशिवाय निवडून येऊ शकली, हा आरक्षण नको म्हणण्याचा आधार होऊ शकत नाही. त्यांच्या मागे पक्षाची संघटना होती, दहा वर्षांचे वस्तीतले काम होते आणि घरातून विरोध नव्हता. हे तिन्ही एकाच बाईच्या वाट्याला येणे दुर्मीळ आहे, म्हणून तर त्यांच्याबरोबरीच्या स्त्रिया सभागृहात मोजक्याच होत्या. ‘साहेबांना भेटा’ म्हणणाऱ्या कार्यालयात पुढच्या वेळी चारपाच जणींनी मिळून जावे आणि नगरसेविका येईपर्यंत बसून राहावे. अर्ज लेखी असावा आणि त्यावर त्यांच्याच नावे पोच घ्यावी. हे शिष्टमंडळाचे तंत्र मृणालताईंच्या पिढीकडूनच आम्ही शिकलो.

उत्तर : गोरेगावची माहेरवाशीण

पर्वती पायथा यांनी लाटण्याविषयी जे लिहिले त्याला मी नाही म्हणत नाही. मागणीपत्रात तो प्रश्न नव्हता, हे खरे. पण मला घरातले एक सांगायचे आहे.

१९७३ मध्ये आई अशाच एका मोर्चाला गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. सकाळी तिने पोळपाटाखालचे लाटणे काढून पदराखाली घेतले, जेवणाचे एक ताट पिशवीत टाकले आणि शेजारच्या चार बायकांबरोबर ती स्टेशनकडे गेली. ती परतली तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. वडील गिरणीतून सहाला आले होते. घरात कोणी नाही हे पाहून त्यांनी मला हाक मारली नाही, स्वतःच स्टोला पिन मारली आणि भात टाकला. माझ्या आठवणीत त्यांनी शिजवलेला तो पहिला भात. खाली लागला होता. आई आली, हातपाय धुतले आणि वडिलांनी वाढलेल्या ताटावर बसली. कोणी काही बोलले नाही. ती जेवता जेवता मंत्र्यांच्या बंगल्याबाहेर काय झाले ते सांगत होती आणि वडील ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर भावाला उठवले गेले.

ते ताट अजून माझ्याकडे आहे. पितळेचे आहे, काठ तीन ठिकाणी चेपला आहे आणि त्यामुळे ते ओट्यावर ठेवले की डुगडुगते. धायरीकर ताई, आपल्या कार्यक्रमात ते दाखवायचे असेल तर मी स्वतः घेऊन येईन. टँकर येण्याची वेळ सोडून कोणताही दिवस ठेवावा आणि येथे कळवावे, म्हणजे मला कोथरूडहून बस पाहता येईल.